मशीनच बोली लावतात: अंबडच्या शॉपमध्ये वापरलेल्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या मशीनिंग शॉपमध्ये मी पीपीसी, म्हणजे कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी लावायचं याचं प्लॅनिंग, बघते. मागच्या दिवाळीनंतर आम्ही पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं, एजंटवर, म्हणजे आपापल्यापुरता निर्णय घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालणारं प्लॅनिंग सॉफ्टवेअर बसवलं. तेव्हापासून सातपूर आणि सिन्नरच्या ओळखीच्या लोकांचे फोन येतात, घ्यावं का म्हणून. माझं उत्तर ठरलेलं आहे. सकाळी केलेला प्लॅन ज्यांच्याकडे दुपारपर्यंत मोडतो त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांची लाइन एकच पार्ट महिनोन्‌महिने काढते त्यांनी पैसे वाचवावेत. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या सगळ्या पद्धतीबद्दल आहे.

आमच्याकडे चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथ, तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि पॅलेटवाली एक एचएमसी (आडव्या स्पिंडलची) आहे. लोडिंग रोबो आणि गँट्री करतात, त्यामुळे थर्ड शिफ्टला माणसं मोजकीच. पार्ट मात्र तीसेक प्रकारचे: हब, फ्लँज, शाफ्ट, ब्रॅकेट. हीट ट्रीटमेंट, म्हणजे पार्ट भट्टीत तापवून कडक करणं, बाहेर, सातपूरला जॉबवर्कवर. चाकणच्या गिऱ्हाइकाकडे माल नेणारी गाडी रोज संध्याकाळी निघते आणि ती कुणासाठी थांबत नाही.

ऑटोमेशन आलं की प्लॅनिंग सोपं होईल असं आमच्या मालकांना वाटलं होतं. झालं उलटं. लोडिंगला माणूस होता तेव्हा कास्टिंग आलं नाही तर तो इकडेतिकडे बघायचा, सुपरवायझरला विचारायचा आणि शेजारच्या ट्रॉलीतला जॉब लावायचा. रोबो असं काही करत नाही, तो नुसता उभा राहतो. माणसाचा तो छोटासा शहाणपणा आम्ही मशीनवरून काढून घेतला होता आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवलंच नव्हतं. ईआरपी, म्हणजे कंपनीचा ऑर्डर-स्टॉकचा हिशोब ठेवणारी सिस्टीम, रात्री प्लॅन काढायची, पण त्यात मशीनची क्षमता अमर्याद धरलेली असायची, म्हणून सकाळी मी एक्सेल उघडून तो पुन्हा बसवायची. एका मशीनवर नुसते १० जॉब कोणत्या क्रमाने लावायचे म्हटलं तरी ३६,२८,८०० क्रम होतात. आठ मशीन आणि तीस पार्ट असले की माणूस सवयीचा क्रम धरतो, दुसरा इलाजच नसतो.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मशीनचा एक एजंट असतो आणि प्रत्येक ऑर्डरचाही. ऑर्डरचा एजंट जाहीर करतो: मला ओडी टर्निंग (बाहेरचा व्यास लेथवर कापणं) हवंय, इतके नग, अमुक वाजेपर्यंत. ज्या लेथना ते जमतं त्यांचे एजंट बोली लावतात. बोलीत रुपये नसतात. आधीचा जॉब कधी संपेल, सेटिंग बदलायला किती वेळ जाईल, इन्सर्टचं (टूलच्या कापणाऱ्या टोकाचं) आयुष्य किती उरलंय, रोबोची ग्रिपर (पार्ट पकडणारा पंजा) बदलावी लागेल का, हे सगळं मिळून एक आकडा येतो. ऑर्डर सगळ्यात सोयीची बोली घेते. पिंपळगावला कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे समजायला पाच मिनिटं पुरतात.

कल्पना नवी नाही. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये काँट्रॅक्ट नेट प्रोटोकॉल म्हणून ती मांडली: काम जाहीर करा, बोली मागवा, काम सोपवा. १९९० च्या दशकात जनरल मोटर्सच्या फोर्ट वेनच्या ट्रक कारखान्यात पेंट बूथ स्वतः येणाऱ्या ट्रकसाठी बोली लावत. ज्या बूथमध्ये आधीच तो रंग चालू असेल त्याची बोली सरस ठरायची आणि रंग बदलण्याचा खर्च वाचायचा. आमच्या लेथचा चकजॉ (पार्ट पकडणारा जबडा) बदलणं म्हणजे तोच प्रश्न. पुढे डाइमलरच्या श्टुटगार्टमधल्या उंटरट्युर्कहाइम इथल्या कारखान्यात सिलिंडर हेडच्या लाइनवरही असे एजंट चालले. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मालकांची भीती थोडी कमी झाली.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. भर सेकंड शिफ्टला व्होल्टेज डिप आला, दोन लेथ ट्रिप झाल्या आणि एका रोबोचं होम, म्हणजे सुरुवातीची ठरलेली जागा, गेलं. पूर्वी अशा वेळी मी घरून फोनवर शिफ्ट इनचार्जशी बोलत बसायचे. आता पडलेल्या मशीनच्या एजंटने आपली घेतलेली कामं परत केली, ऑर्डरनी पुन्हा बोली मागवली, आणि चाकणच्या हबचा लॉट चौथ्या लेथवर गेला. त्या लेथवर फ्लँजचा जॉब चालू होता, पण त्याची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. इनचार्जने स्क्रीनवर कारण वाचलं, मान्य केलं आणि सेटरला बोलावलं. मी जेवण पूर्ण केलं. हबचा लॉट गाडीत गेला.

कारण वाचता येतं, हे मला या सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. आधी आम्ही एक ऑप्टिमायझर (गणिताने सगळ्यात चांगला प्लॅन काढणारं सॉफ्टवेअर) पाहिला होता, तो फक्त उत्तर द्यायचा. इथे कोणत्या मशीनने किती बोली लावली आणि कशामुळे, हे ओळीने दिसतं. त्यामुळे फ्लोअरवरचा माणूस त्याच्याशी भांडू शकतो. मशीनवर नवा जॉब बसवणारे आमचे सगळ्यात जुने सेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी आले. "ताई, फ्लँजवरून शाफ्टवर जायला आणि शाफ्टवरून फ्लँजवर यायला सारखाच वेळ कुणी लिहिलाय? शाफ्टनंतर त्याच्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक मागे घेऊन अलाइनमेंट बघावी लागते." त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही अण्णांना बरोबर घेऊन कोणत्या पार्टवरून कोणत्या पार्टवर जायला किती वेळ लागतो याचा अख्खा तक्ता नव्याने भरला. इतकी वर्षं तो फक्त त्यांच्या डोक्यात होता आणि कुणी त्यांना विचारलं नव्हतं. तक्ता भरल्यावर बोल्या सुधारल्या. विकायला येणारे सांगतात की डेटा आपोआप गोळा होतो. सायकल टाइम होतो. सेटिंगचं ज्ञान माणसाकडूनच घ्यावं लागतं, आणि त्या माणसाचा मान ठेवूनच.

आता दोष. पहिल्या महिन्यात प्लॅन सारखा बदलायचा. सेटर फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवणारा साचा) उतरवतो न उतरवतो तोच स्क्रीनवर दुसरा जॉब दिसायचा, कारण पाच मिनिटांपूर्वी कुठे तरी जरा चांगली बोली आलेली असायची. माणसांचा त्यावरचा विश्वास उडायला एवढं पुरतं. पुढचे चार तास गोठवायची सोय सेटिंगमध्ये होती, पण ती सुरुवातीला बंद ठेवलेली. ब्रेकडाऊन सोडून या चार तासांत काहीही बदलायचं नाही, हे आम्ही ठरवून घेतलं आणि मग फ्लोअर शांत झाला.

दुसरा दोष मुळातला आहे. प्रत्येक एजंट आपल्यापुरतं बघतो. शाफ्ट टर्निंगमधून निघाले की त्यांची ऑर्डर त्यांना लगेच सातपूरला पाठवायला निघायची, आणि अर्ध्या भट्टीचा माल घेऊन टेंपो जायचा. जॉबवर्कवाल्याला भट्टी भरल्याशिवाय परवडत नाही, म्हणून माल तिथे पडून राहायचा. या अडचणीचं उत्तरही जुनंच आहे: बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रोसा या रचनेत ऑर्डर, प्रॉडक्ट आणि मशीन यांच्या जोडीला एक सल्लागार घटक आहे. तो हुकूम देत नाही, पण सगळीकडे बघून सल्ला देतो. आम्ही मागे लागल्यावर कंपनीने भट्टीच्या लॉटसाठी तसा सल्लागार एजंट करून दिला. तो पहिल्यापासून असायला हवा होता. आपल्या भागात हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर पाठवणारे शॉप कितीतरी आहेत.

जुन्या दोन व्हीएमसींच्या कंट्रोलरमधून डेटा निघत नव्हता. तिथे मशीनवरच्या लाल-हिरव्या टॉवर लॅम्पचा सिग्नल घेऊन काम भागवलं. चालू की बंद एवढं कळतं, कोणता टूल झिजलाय ते कळत नाही, त्यामुळे त्या दोघींच्या बोल्या ढोबळच राहतात. सपोर्ट चांगला आहे. मुलं मनापासून बोलतात, एक जण थर्ड शिफ्टला येऊन बसलाही. पण त्यांची सुट्टी रविवारी आणि आमची शनिवारी. रविवारी आम्ही पूर्ण चालू असतो आणि फोन उचलायला कुणी नसतं. करार करताना नाशिककरांनी हे कागदावर घालून घ्यावं.

वर्गणी मशीनमागे वर्षाची आहे. आमच्या आकाराच्या शॉपला ती साधारण एका चांगल्या प्लॅनरच्या वर्षाच्या पगाराएवढी पडते. म्हणून प्लॅनरला काढायचं या हिशोबाने कुणी घेणार असेल तर घेऊ नये. माझं काम कमी झालेलं नाही, बदललं आहे. सकाळचे दोन तास एक्सेलमध्ये जायचे, ते आता मी कास्टिंगच्या व्हेंडरकडे आणि फ्लोअरवर घालवते, आणि प्लॅन मोडण्याची निम्मी कारणं तिथेच सापडतात.

डेमो मागाल तेव्हा त्यांचा नमुना डेटा बघू नका. तुमचा मागच्या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस द्या, खऱ्या ऑर्डर आणि खऱ्या ब्रेकडाऊनसकट. मधेच एक मशीन बंद करायला सांगा, आणि सेटरला शेजारी बसवा. आमच्याकडे मार्चमध्ये करार संपतोय. लेथ आणि एचएमसीसाठी मी नूतनीकरणाची शिफारस केली आहे. मागच्या शेडमधल्या ब्रॅकेटच्या लाइनसाठी केलेली नाही, तिथे एकच पार्ट चालतो आणि फळ्यावर लिहिलेला प्लॅन पुरतो.