अल्जिब्रा २ चं वर्षभराचं प्लॅनिंग एका शीटवर केलं, दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑगस्टमध्ये गूगल शीट्समध्ये बनवलेली ही शीट जूनपर्यंत जवळपास रोज उघडली, त्यामुळे आता हिच्याबद्दल चांगलं-वाईट बोलायचा हक्क मिळालाय असं धरून लिहितेय. लांबलंय, आधीच सांगते.

मी अमेरिकेत हायस्कूलला मॅथ शिकवते. अल्जिब्रा २ चे दोन सेक्शन (म्हणजे दोन वेगळे वर्ग), पोरं बहुतेक अकरावीची. इथे बऱ्याच शाळांत नववीत अल्जिब्रा १, दहावीत जॉमेट्री आणि मग अकरावीत अल्जिब्रा २ असा क्रम असतो, म्हणजे मधलं अख्खं वर्ष पोरांनी बीजगणिताला धड हात लावलेला नसतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये समोर बसलेल्या पोराला फॅक्टरिंग (अवयव पाडणं) "शिकवलेलं" असतं पण येत नसतं. वर्षाचं प्लॅनिंग फसायला सुरुवात इथूनच होते, कारण आपण म्हणतो चला दोन आठवडे रिव्हिजन घेऊ, त्याचे सहा होतात, ऑक्टोबर संपतो आणि नवीन काहीच झालेलं नसतं. माझं त्याआधीच्या दोन वर्षी अगदी असंच झालं होतं. एका वर्षी तर ट्रिग (त्रिकोणमिती) शेवटच्या चार दिवसांत उरकलं, युनिट सर्कलचा कागद वाटला आणि तोंडाने सांगत सुटले. पुढच्या वर्षी ती पोरं प्रीकॅल्कला (कॅल्क्युलसच्या आधीचा कोर्स) गेली तेव्हा तिकडे शिकवणाऱ्या मैत्रिणीने मला जेवणाच्या सुट्टीत जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आधी रेडिमेड पेसिंग गाइड वापरायचे, वरून आलेली. दिसायला छान, आठवडा १ हे, आठवडा २ ते. पण त्यात वर्ष १८० दिवसांचं धरलेलं, आणि ते १८० दिवस मला आजवर कधी भेटलेले नाहीत. म्हणून या वेळी पहिलं काम केलं ते म्हणजे शाळेचं कॅलेंडर घेऊन खरोखर बसून दिवस मोजले. पीएसॅटचा (कॉलेज प्रवेशाच्या एसॅटची सराव परीक्षा) १, राज्याच्या टेस्टचे ४, दोन सेमिस्टर फायनल आणि त्यांच्या आधीची रिव्हिजन मिळून १०, अर्धे दिवस ८ (पंचवीस मिनिटांत काय डोंबल शिकवणार), असेम्ब्ली आणि पेप रॅली (शाळेच्या टीमला चीअर करायचा मेळावा) ४, माझ्या स्वतःच्या रजा आणि ट्रेनिंग ३, बर्फाचे ३. झाले ३३ वजा, उरले १४७. त्यात नऊ युनिट, प्रत्येक युनिटला एक दिवस टेस्ट आणि एक दिवस टेस्टवर चर्चा, म्हणजे १८ गेले, उरले १२९. आणि मग मी मुद्दाम प्रत्येक युनिटमागे दोन दिवस कोरे ठेवले. उरले १११.

एकशे अकरा! हा आकडा बघून मी जरा वेळ गप्पच बसले होते. पुस्तकात बारा चॅप्टर, प्रत्येकात सात-आठ सेक्शन, म्हणजे नुसता दिवसाला एक सेक्शन म्हटलं तरी नव्वद जातात, आणि लॉगॅरिदम किंवा रॅशनल इक्वेशन एका दिवसात ज्याला समजतं तो पोरगा बहुधा माझ्या वर्गात नसतोच.

मग शीटमध्ये जो कॉलम केला त्याच्याबद्दलच खरं तर हा सगळा रिव्ह्यू आहे. प्रत्येक लेसनला रंग. हिरवा म्हणजे काहीही झालं तरी होणारच, पिवळा म्हणजे छोटा करता येईल, लाल म्हणजे वेळ कमी पडला की कापायचा, विचार करत बसायचं नाही. लालमध्ये टाकलं होतं कॉनिक्समधलं हायपरबोला वगैरे, क्रॅमरचा नियम, देकार्तचा चिन्हांचा नियम, लिनियर प्रोग्रामिंग. आता यात कोणाला वाईट वाटेल, मलाही वाटलं, हायपरबोला मला आवडतो. पण आधीच्या वर्षांत मी कापाकापी करायचे ती एप्रिलमध्ये, घाईत, आणि तेव्हा जे शेवटी उरलेलं असतं तेच कापलं जातं, महत्त्वाचं असो वा नसो. ट्रिग गेलं ते बिनमहत्त्वाचं होतं म्हणून नाही, पुस्तकात शेवटी होतं म्हणून गेलं. ऑगस्टमध्ये डोकं शांत असताना यादी केली की हा प्रकार होत नाही. या वर्षी लाल लेसन अकरा होते, त्यातले नऊ गेले, आणि एकदाही मला रात्री बसून काय काढू काय ठेवू करावं लागलं नाही. फक्त या एका कॉलमसाठी मी ही शीट पुन्हा वापरेन.

क्रमाबद्दल. मी युनिटं अशी लावली: फंक्शन आणि ट्रान्सफॉर्मेशन, क्वाड्रॅटिक (वर्गसमीकरणं) आणि कॉम्प्लेक्स नंबर, पॉलिनॉमियल (बहुपदी), मग हिवाळ्याच्या सुट्टीनंतर एक्स्पोनेन्शियल (जॉमेट्रिक सिरीज त्यातच, ती तिथलीच आहे), लॉग, नंतर रॅशनल (बहुपदींचे अपूर्णांक), रॅडिकल (वर्गमूळवाली), ट्रिग, शेवटी स्टॅटिस्टिक्स. बऱ्याच पुस्तकांत रॅशनल आणि रॅडिकल आधी येतं आणि लॉग नंतर. मी उलटं केलं कारण जानेवारीत पोरं ताजी असतात आणि एक्स्पोनेन्शियलला फॅक्टरिंग लागत नाही. पॉलिनॉमियलमध्ये जे मार खाऊन बसलेले असतात त्यांना पाटी कोरी मिळते. हे भारी चाललं. दोन-तीन पोरं जी डिसेंबरमध्ये पार मिटून गेली होती ती चक्रवाढ व्याजाला हात वर करायला लागली.

पण याच बदलात मी माती खाल्ली. इन्व्हर्स फंक्शन मी रॅडिकलच्या युनिटमध्ये ठेवलं होतं, पुस्तकात तिथे आहे म्हणून, आणि रॅडिकल गेलं लॉगच्या मागे. आता लॉग म्हणजे दुसरं काय, एक्स्पोनेन्शियलचं इन्व्हर्स! फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यासमोर उभं राहून "हे त्याचं इन्व्हर्स आहे" म्हटलं आणि चोवीस चेहरे कोरे. कोणाला इन्व्हर्स म्हणजे काय हेच माहीत नाही, कारण मी शिकवलेलंच नाही. कोऱ्या दिवसांतले तीन तिथे घातले, इनपुट-आउटपुटची अदलाबदल, वाय बरोबर एक्स या रेषेवर घडी घातल्यासारखा आलेख, डेस्मॉसवर (आलेख काढायचं ऑनलाइन साधन) दोन्ही आलेख शेजारी. कोरे दिवस नसते तर मी ते लॉग पाठ करून घेतले असते, खोटं कशाला बोलू. तर युनिटं इकडची तिकडे करणार असाल तर आधी प्रत्येक युनिटला मागचं काय लागतं ते एका ओळीत लिहा. मी ते केलं नव्हतं.

रिव्हिजनचं काय केलं? सुरुवातीचे सहा आठवडे उडवले. त्याऐवजी रोज पहिली आठ मिनिटं चार प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, एक अल्जिब्रा १ मधला. शीटमध्ये यासाठी वेगळा कॉलम, म्हणजे सकाळी सातला काय देऊ असा विचार करावा लागत नाही. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि मधे मधे परत बघितलं की टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय, त्यात नवीन काही नाही. पण किंमत मोजावी लागते बरं का. आठ मिनिटं गुणिले १४७ म्हणजे १,१७६ मिनिटं, आमचा तास ५० मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ साडेतेवीस तास वॉर्मअपला गेले. ऐकायला भयंकर वाटतं. पण सहा आठवड्यांची रिव्हिजन म्हणजे तीस तास, आणि ती ख्रिसमसपर्यंतसुद्धा टिकत नाही. पुढे रॅशनल एक्स्प्रेशन आलं तेव्हा फॅक्टरिंग बहुतेकांच्या हातात होतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. (क्ष अधिक २) भागिले क्ष मधले क्ष उडवणारे अजूनही होते, ते बहुतेक आपल्या मरणापर्यंत राहतील.

त्या वॉर्मअपमधूनच कळलं की कंप्लीटिंग द स्क्वेअर (पूर्ण वर्ग करणं) पोरांना जड जातं ते अपूर्णांकांमुळे. मग मी प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत दिली, आधी सगळ्याला ४ए ने गुणायचं (ए म्हणजे क्ष² चा सहगुणक). ३क्ष² + ५क्ष = २ घ्या, १२ ने गुणलं की ३६क्ष² + ६०क्ष = २४, दोन्हीकडे २५ मिळवा, (६क्ष + ५)² = ४९, म्हणजे ६क्ष + ५ बरोबर अधिक-उणे ७, उत्तरं १/३ आणि −२. एकही अपूर्णांक मधे येत नाही. एक पोरगी म्हणाली हे आधी का नाही सांगितलं. आणि याच पायऱ्या अक्षरांत केल्या की क्वाड्रॅटिक फॉर्म्युला आपोआप पडतो, त्यामुळे फॉर्म्युलाला ठेवलेला एक दिवस वाचला. तो दिवस मी कॉम्प्लेक्स नंबरला दिला, इटालियन गणिती कार्दानोचं १५४५ चं कोडं: १० चे दोन भाग करा, गुणाकार ४० यायला हवा. पोरं कॅल्क्युलेटर बडवत बसली, मग हळूच ५ अधिक-उणे √−१५ दाखवलं, गुणाकार २५ + १५. "पण हे तर नाहीचे ना?" असं मागून कोणीतरी ओरडलं. बास, यासाठीच तर.

मे महिना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी (कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात आणि अकरावीच्या वर्गात रोज वेगळीच पोरं गायब. दरवर्षी मी तेव्हा ट्रिग शिकवायचे, जिथे आजचं उद्याला लागतं, आणि रोज कोणाला तरी कालचं नसायचं. या वेळी ट्रिग एप्रिलमध्ये आणि मेमध्ये स्टॅटिस्टिक्स: नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, त्याचा ६८-९५-९९.७ टक्क्यांचा नियम, सर्वेमधला मार्जिन ऑफ एरर. प्रत्येक दिवस जवळपास सुटा, कालचा चुकला तरी आज बसता येतं. हे मला तिसऱ्या वर्षी सुचावं याची लाज वाटते.

आता जे आवडलं नाही ते. एक, मी ऑगस्टमध्ये सगळेच्या सगळे १११ लेसन उदाहरणांसकट भरले होते. मूर्खपणा. ऑक्टोबरपर्यंत त्यातला अर्धा मजकूर निरुपयोगी झाला. पुढचे तीन आठवडे बारीक आणि त्यापुढचं नुसतं नावानिशी, एवढं पुरतं. दोन, कॉमन कोअर स्टँडर्डचे (बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेली शिकण्याची उद्दिष्टं) नंबर प्रत्येक ओळीत टाकले होते, वर्षभरात एकदा बघितले, ते पण ऑब्झर्व्हेशनच्या (वरिष्ठ माझा वर्ग बघायला येतात तो दिवस) आदल्या रात्री. तीन, माझे दोन सेक्शन एकाच कॉलममध्ये होते. दुसऱ्या तासाचा वर्ग आणि सहाव्या तासाचा वर्ग कधीच बरोबर चालत नाहीत, रॅली नेहमी सहाव्या तासालाच खातात, नोव्हेंबरमध्ये ते चार दिवस मागे होते आणि शीट म्हणत होती सगळं छान चाललंय. मग दोन कॉलम केले.

तारखा मात्र हाताने भरू नका. पहिली सुट्टी बर्फामुळे पडली तेव्हा मी रात्री साडेदहाला एकेक तारीख खाली ढकलत बसले होते, नवरा विचारतो काय चाललंय. गूगल शीट्समध्ये वर्कडे नावाचं फंक्शन आहे, सुरुवातीची तारीख, किती दिवस पुढे जायचं ते आणि सुट्ट्यांची यादी दिली की शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून पुढची तारीख तेच काढतं. यादीत एक सुट्टी वाढवली की खालचं सगळं सरकतं. डिसेंबरात कळलं.

आणि हो, सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी टेस्ट ठेवू नका, कॅलेंडरवर ते फार सुबक दिसतं. रॅडिकलची टेस्ट मी स्प्रिंग ब्रेकच्या आधी घेतली, √(क्ष + ६) = क्ष ला अर्ध्या वर्गाने ३ आणि −२ दोन्ही लिहून दिले, पडताळा कोणी केलाच नाही. −२ टाकलं तर डावीकडे २ येतात हो! परत आल्यावर कोणाला काही आठवेना, चर्चेचा दिवस फुकट.

जूनमध्ये मोजलं तर १८ कोऱ्या दिवसांपैकी १७ संपले होते. उरलेल्या एका दिवशी फायनलच्या आधी पोरांना वाट्टेल ते विचारा म्हटलं, आणि त्यांनी अर्धा तास लॉगच विचारले.

नवीन शिकवायला लागलेल्यांना किंवा घरीच मुलांना शिकवणाऱ्यांना शीटची कल्पना जरूर घ्या म्हणेन, पण माझी शीट मागू नका, तुमचे दिवस वेगळे आणि तुमचे लाल लेसन वेगळे. घरी शिकवत असाल तर बहुधा १११ पेक्षा जास्त दिवस मिळतील, हेवा वाटतो. पुढच्या वर्षीची प्रत मी कालच काढली. इन्व्हर्स फंक्शन सप्टेंबरमध्ये नेलंय, युनिट १, हिरवा. हायपरबोला अजून लालच आहे.