सातवा मुलगा की निकी? १९८८चे दोन कन्सेप्ट अल्बम, आणि शेजारी एक भुताटकी

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र रोज डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटीला येतो. हेवी मेटल त्याच्या कानाला नवं नाही. पण तो गाणी ऐकतो, अल्बम ऐकत नाही. परवा डबा खाताना म्हणाला, "ते कन्सेप्ट अल्बम म्हणतात ना, सगळी गाणी एकाच गोष्टीत किंवा कल्पनेत ओवलेले, त्यातला एक सांग. एकच. तीन सांगितलेस तर मी एकही ऐकणार नाही."

मी तीन सांगितले. नाइलाज होता. खरी लढत त्यातल्या दोघांचीच आहे, तिसऱ्याचा स्वभावच वेगळा.

आयर्न मेडनचा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' ११ एप्रिल १९८८ला आला. क्वीन्सराइकचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' ३ मे १९८८ला. मध्ये फक्त बावीस दिवस. मेडन तेव्हा जगभर गाजलेला लंडनचा बँड, आणि हा त्यांचा सातवा स्टुडिओ अल्बम; नाव तिथूनही जुळलं. क्वीन्सराइक म्हणजे सिएटलजवळच्या बेलव्ह्यूची पोरं, त्यांचा तिसरा. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'वाय'च्या डोक्यावर दोन टिंबं आहेत. त्यांचा उच्चार काय करायचा यावर बँडनेच अनेकदा विनोद केलेत, तेव्हा आपण 'क्वीन्सराइक' म्हणून मोकळं व्हावं.) मेडनचा अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. क्वीन्सराइकचा अमेरिकेत पन्नासाव्याच्या वर चढला नाही, पण विकला जात राहिला आणि १९९१मध्ये प्लॅटिनम झाला.

दोन्ही अल्बम जिथे सुरू होतात तिथेच येऊन संपतात. मेडनमध्ये सुरुवातीला नुसत्या अकूस्टिक गिटारवर चार ओळी येतात, सात पापांच्या. त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांनी सगळी वाद्यं थांबतात आणि त्याच ओळी त्याच गिटारवर परत येतात. माइंडक्राइममध्ये नायक पहिल्याच मिनिटात म्हणतो की आता मला आठवलं, आणि तासाभराने अल्बम त्याच वाक्यावर मिटतो. साम्य मात्र इथेच संपतं. मधल्या वेळात दोघं काय करतात ते ओळखलं की निवड सोपी होते.

कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना एका वाक्यात सांगता येईल. मेडनचा अल्बम म्हणजे पूर्वरंग, क्वीन्सराइकचा म्हणजे उत्तररंग. एकात विषय घेऊन तो चहूबाजूंनी फुलवलाय. दुसऱ्यात आख्यान लावलंय, पात्रं आहेत, पुढे काय झालं ते आहे. पूर्वरंगाला उशिरा पोचलात तरी चालतं. आख्यानाला नाही.

आधी मेडन. आपल्याकडे देवकीच्या आठव्याची गोष्ट, तशी ब्रिटन-आयर्लंडकडे सातव्याच्या सातव्याची. बाप सातवा मुलगा आणि त्याचाही हा सातवा, म्हणजे याला पुढचं दिसणार, याच्या हाताला गुण असणार, अशी तिकडची जुनी समजूत. बास वाजवणारा आणि बँडचा कर्ता स्टीव्ह हॅरिस याच्या डोक्यात ती दोन वाटांनी शिरली. एक म्हणजे ऑर्सन स्कॉट कार्डची 'सेव्हन्थ सन' ही कादंबरी. दुसरी वाट जास्त गमतीची. डॉरिस स्टोक्स नावाच्या, मेलेल्यांशी बोलते म्हणून प्रसिद्ध असलेल्या बाई १९८७मध्ये गेल्या. हॅरिसला प्रश्न पडला: इतरांचं सगळं दिसायचं, मग स्वतःचा मृत्यू दिसला होता का? त्यातून 'द क्लेअरव्हॉयंट' झालं. सुरुवात त्याच्याच बासवर, एकट्या. मग गिटारी येऊन त्या धूनवर चढतात. अल्बमभर कल्पनेला रक्त कुठे मिळालं असेल तर या गाण्यात.

बाकी सात गाण्यांत गोष्ट शोधायला गेलात तर हाताला थोडंच लागेल. 'मूनचाइल्ड'मध्ये सैतान जन्माआधीच धमकी देतो. 'इन्फिनिट ड्रीम्स'मध्ये कुणीतरी स्वप्नांनी हैराण आहे. 'द प्रॉफेसी'त गाव इशारा ऐकत नाही. 'द ईव्हल दॅट मेन डू'चं नाव शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधल्या अँटनीच्या भाषणातलं. गाणं जबरदस्त आहे, पण सातव्या मुलाशी त्याचा संबंध जोडायला चाहत्यांना बरीच कसरत करावी लागते. गायक ब्रूस डिकिन्सनने स्वतःच पुढे कबूल केलंय की हा अर्धाच कन्सेप्ट अल्बम झाला, शेवटपर्यंत नेला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट त्यामुळेच प्रत्येक गाणं स्वतःच्या पायावर उभं आहे.

याचा पुरावा मुंबईत मिळाला. १ फेब्रुवारी २००८ला मेडनने जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईत केली, बीकेसीच्या मैदानात. डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवतो आणि त्यातून बँड, माणसं, सामान सगळं फिरतं, तो हाच दौरा. त्या रात्री या अल्बमातली तीन गाणी झाली. 'कॅन आय प्ले विथ मॅडनेस' मध्यावर कुठेतरी, आणि एन्कोअरला, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर, 'मूनचाइल्ड', त्याला लागून 'द क्लेअरव्हॉयंट'. अल्बममध्ये या दोघांच्या मध्ये पाच गाणी आहेत. ती गाळली म्हणून कुणाचं काही अडलं नाही. माझ्या पुढचा मुलगा 'क्लेअरव्हॉयंट'ची बासची धून तोंडाने गात होता, आणि त्याला सातव्या मुलाची भानगड माहीत असेल यावर मी पैज लावणार नाही.

आवाजाचं सांगायचं तर मेडनने कीबोर्ड पहिल्यांदा याच अल्बममध्ये वापरले. त्याआधी १९८६च्या अल्बममध्ये गिटार-सिंथ (गिटार छेडून सिंथेसायझरचे आवाज काढायचे ते) होते, कीबोर्ड असे नव्हते. निर्माता मार्टिन बर्च, ध्वनिमुद्रण म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत. कीबोर्ड पुढे पुढे करत नाहीत, मागे धुक्यासारखे पसरून राहतात. डेरेक रिग्जच्या मुखपृष्ठावरही तीच थंडी आहे: बर्फाचा समुद्र आणि त्यावर तरंगणारा, छातीखाली काहीच नसलेला एडी, म्हणजे मेडनच्या मुखपृष्ठांवरचं ते नेहमीचं भूत, एका हातात गर्भातलं बाळ धरून. शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचं. त्याच्या मध्यावर सगळं थबकतं, डिकिन्सन गायचं सोडून हळू बोलायला लागतो, मागे कोरससारखे स्वर आणि झांजेवर बारीक ठोके. आणि मग हॅरिसची बोटं सुटतात, त्या ओळखीच्या घोड्याच्या टापा. हेडफोनवर ऐकताना तो थबकण्याचा तुकडा घाईने पुढे ढकलू नका. टापांची मजा त्या थांबण्यात आहे.

आता माइंडक्राइम.

हा अल्बम पहिल्यांदा मी ठाणे स्टेशनच्या फलाटावर लावला होता. सुरुवातीला इस्पितळातला लाउडस्पीकर ऐकू येतो, कुठल्या कुठल्या डॉक्टरांची नावं पुकारणारा. मला वाटलं, हेडफोनमधून स्टेशनची घोषणा आत येतेय. एक कान उघडा करून पाहिलं, तर बाहेरही घोषणाच चालू होती, पंधरा डब्यांच्या गाडीची. पुन्हा कान झाकला तर पावलं जवळ आली, नर्सने इंजेक्शन दिलं आणि जाता जाता शिवी हासडली. गाणं अजून सुरूच झालेलं नव्हतं, पण मी फलाटावर उरलो नव्हतो.

खाटेवरचा माणूस निकी. हेरॉइनच्या आहारी गेलेला, टीव्हीवरच्या पुढाऱ्यांना विटलेला, रेगनच्या काळातला अमेरिकन तरुण. त्याला डॉक्टर एक्स नावाचा इसम हेरतो. क्रांतीच्या नावाखाली संघटना उभी करतो, निकीला नशा पुरवतो आणि त्याच्याकडून माणसं मारून घेतो. फोनवर 'माइंडक्राइम' हा एक शब्द उच्चारला की निकी यंत्रासारखा कामाला लागतो. मग मेरी. रस्त्यावरून उचलून पाद्री विल्यमने नन केलेली मुलगी; तिला रस्त्यावरून वाचवलं खरं, पण विल्यमपासून कोण वाचवणार? निकीला जीव लावणारी तीच एकटी. आणि डॉक्टर एक्सचा पुढचा हुकूम सुटतो तो तिच्याच नावाने. पुढचं लिहीत नाही.

पंधरा ट्रॅक, एकोणसाठ मिनिटं. त्यातले पाच-सहा दीड मिनिटाच्या आतबाहेरचे. मेडनमध्ये असा एकही नाही. प्लेलिस्टमध्ये टाकलेत तर हे तुकडे निरर्थक वाटतील, पण जागच्या जागी ते नाटकातल्या प्रवेशबदलासारखे काम करतात. 'वेटिंग फॉर २२' हा नुसता गिटारचा मिनिटभराचा तुकडा. एकटा ऐकून कुणाला आवडेल असं वाटत नाही, पण ज्या जागी येतो तिथे तुरुंगाच्या कोठडीत बसल्यासारखं होतं. निर्माता पीटर कॉलिन्स, ज्याने त्याआधी रश या कॅनडातल्या बँडचे दोन अल्बम केले होते. सगळं स्वच्छ, कापून ठेवल्यासारखं. कधीकधी मला तो जरा जास्तच चकचकीत वाटतो, ड्रम विशेषतः. ऐंशीच्या दशकाचा शिक्का मेडनपेक्षा याच्यावर जास्त उमटलाय.

पण 'स्वीट सिस्टर मेरी'पाशी ही तक्रार विसरायला होते. पावणेअकरा मिनिटं. आधी पाऊस, गाडी, आणि डॉक्टर एक्सचा आवाज. भाजी आणायला सांगावी तशा सुरात तो खून सांगतो. मग लॅटिनमध्ये गाणारा कोरस येतो, मायकल केमनने बांधलेला, आणि चर्चचा दगडी गारवा खरंच जाणवतो. निकी मेरीकडे येतो. क्वीन्सराइकचा गायक जेफ टेट गात असतो आणि अचानक बाईचा आवाज त्याला उत्तर देतो. पॅमेला मूर. आत्तापर्यंत मेरीबद्दल नुसतं ऐकलेलं असतं, आता ती स्वतः बोलते. संगीत नाटकातल्या जुगलबंदीवर वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको की दोन आवाज एकमेकांना तोडत वर चढायला लागले की अंगावर काय येतं. हेवी मेटलमध्ये ही गोष्ट तेव्हा विरळा होती.

टेटचं इंग्रजी स्पष्ट आहे, तरी पहिल्या खेपेला शब्द समोर ठेवूनच ऐका. मेडनला त्याची गरज नाही. आणि शफल बंद आहे ना, ते दोनदा बघा. क्वीन्सराइकने पुढे हा अल्बम मैदानात उतरवला तेव्हा सगळाच्या सगळा, क्रमाने वाजवला, पॅमेला मूरला मंचावर घेऊन. त्याची 'ऑपरेशन: लाइव्हक्राइम' ही ध्वनिफीत १९९१ची. मेडनला आपला अल्बम असा सलग वाजवायची गरज कधी वाटली नाही. अर्थात 'आय डोंट बिलीव्ह इन लव्ह' आणि 'आइज ऑफ अ स्ट्रेंजर' ही दोन गाणी सुटी ऐकूनही भागतं, पहिल्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं होतं. पण ती आधी सुटी ऐकलीत तर शेवटाची धार गेली म्हणून समजा. २००६मध्ये याचा दुसरा भाग आला. नावाजलेला मेटल गायक रॉनी जेम्स डिओ डॉक्टर एक्स झालाय, त्याच्यापुरता ऐकावा.

तिसरा तो 'अ‍ॅबिगेल'. डेन्मार्कचा गायक किंग डायमंड याचा, १९८७चा, कोपनहेगनमध्ये केलेला. चाळीसेक मिनिटांची सरळ भुताची गोष्ट: १८४५चा उन्हाळा, वारशाने मिळालेला वाडा, नवं जोडपं, परत फिरा म्हणणारे सात काळे घोडेस्वार, आणि ७ जुलै १७७७ला मेलेलं एक बाळ. गिटारवर अँडी लारॉक आणि मायकेल डेनर, ड्रमवर पुढे मोटरहेडमध्ये गेलेला मिकी डी. वादन तिन्ही अल्बमांत सगळ्यात धारदार याचंच म्हणेन. अडचण एकच. सगळी पात्रं किंग डायमंड स्वतःच करतो, आणि त्यातली अर्धी किंचाळणाऱ्या फॉल्सेटोत, म्हणजे ओढूनताणून चढवलेल्या बारीक आवाजात. 'अरायव्हल' हे गाणं अर्धं ऐका. हसू आलं तर अल्बम बंद करा, तुमचं त्याचं जमणार नाही. हसू येऊन गेल्यावर मानेवर काटा आला तर बाकी दोन बाजूला ठेवून आज रात्री दिवे घालवून हाच लावा.

एलपी विकत घ्यायचा असेल तर हिशेब थोडा बदलतो. मेडन तबकडीवर नेमका बसतो, चार गाणी या बाजूला, चार त्या. उलटून सुई ठेवली की शीर्षकगीत सुरू. माइंडक्राइमचा तासभर बाजूंमध्ये कसाही विभागला तरी आख्यान मध्येच थांबवून उठावं लागतं, ते मला खपत नाही. तो फोनवरच ठेवा. घरी चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल तर निवड मेडनचीच. माइंडक्राइममध्ये सुई आहे, धंद्याला लावलेली मुलगी आहे, आणि ते सगळं अगदी उघड आहे.

मित्राला मात्र मी माइंडक्राइम दिला, कारण त्याच्याकडे ती वस्तू आहे जी फार थोड्यांकडे असते: रोजचा, सलग, कुणी उठवणार नाही असा तास. हिशेबही करून दिला. डोंबिवलीला बसायला मिळालं की लाव, मुलुंडच्या आसपास पाऊस सुरू होईल, भायखळा गेल्यावर 'आइज ऑफ अ स्ट्रेंजर'.

दुसऱ्या दिवशी त्याने डबा उघडायच्या आधीच विचारलं, "मेरीचं नक्की झालं काय? कोणी केलं?" मी काही बोललो नाही. मेडन कधी लावायचा तेवढं सांगितलं: शनिवारी, माळा आवरताना, आवाज मोठा करून.