दहा तारखेला हप्ता येत होता तोवर

गेल्या आठवड्यात मिरजेच्या एसटी स्टँडवर एक ओळखीचे कंडक्टर भेटले. मागच्या वर्षी निवृत्त झालेले. चहा घेताना हळूच म्हणाले, "आठ लाख एका ठिकाणी टाकलेत. शेकडा चार देतात महिन्याला. पाच महिने झाले, एक दिवस इकडचा तिकडं नाही. राहिलेले पण टाकावेत म्हणतो." चहा माझ्या घशाखाली उतरेना. २०२२ साली मी माझ्या धाकट्या बहिणीला अगदी हेच बोललो होतो. म्हणून हे लिहायला बसलो.

सांगलीत गणपती पेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सगळा माल चिखल होऊन बाहेर काढला. कर्ज काढून पुन्हा माल भरला, तर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आणि शाळा बंद. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी परत पेठेत आलं, तेव्हा मी शटर कायमचं ओढलं. गाळ्याची अनामत आणि विम्याची पॉलिसी मिळून हातात ७ लाख रुपये होते. वय साठीच्या पुढं. बँकेत ठेवीवर व्याज फारच कमी मिळत होतं, आणि सहकारी बँका बुडताना या शहरानं पाहिल्यात. रात्री झोप लागायची नाही. लोक म्हणतात, हावेपायी माणूस फसतो. माझ्यापुरतं सांगतो, मी भीतीपोटी फसलो.

भीती ओळखणारा माणूस ओळखीतलाच निघाला. पूर्वी माझ्याकडून वह्या नेणारा शिकवणीवाला. टाळेबंदीत त्याचे क्लास बंद पडले होते. "काका, बँकेत पैसा सडतोय. मी स्वतः टाकलेत," म्हणाला, आणि मला विश्रामबागेतल्या ऑफिसात घेऊन गेला. काचेचं दार, भिंतीवर शेअर बाजाराचे लाल-हिरवे आकडे, चौकटीत लावलेली प्रमाणपत्रं. ती प्रमाणपत्रं मी जवळ जाऊन वाचली असती तर कळलं असतं, एक कंपनी नोंदणीचं होतं आणि दुसरं जीएसटीचं. त्यातून फक्त कंपनी कागदावर आहे एवढंच कळतं. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी त्यात नसते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडं नोंदणी असलेला खरा सल्लागारसुद्धा ठरावीक परताव्याची हमी देऊ शकत नाही, आणि गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ शकत नाही. शेअर घेतले तर ते आपल्या नावाच्या डिमॅट खात्यात दिसायला हवेत. माझं डिमॅट खातं त्यांनी उघडलंच नव्हतं.

धनत्रयोदशीला ४ लाख दिले. बदल्यात ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेला करार आणि वर्षभर पुढची तारीख टाकलेला मुद्दलाचा चेक. करारात 'हातउसने' असा शब्द होता. विचारलं तर, "काका, टॅक्सची भानगड नको म्हणून." मी मान डोलावली.

१० डिसेंबरला २० हजार खात्यावर आले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, दर दहा तारखेला मोबाईल वाजायचा. किती दिवसांनी घरात हलकं वाटत होतं! मार्चमध्ये राहिलेले ३ लाख आणि बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून उचललेले दीड लाखही दिले. बँकेला शेकडा रुपयाच्या आत व्याज, इकडून पाच रुपये, असा हिशेब त्या शिकवणीवाल्यानंच मांडून दिला होता.

खरा हिशेब मी नंतर मांडला. शंभर रुपये घेऊन महिन्याला पाच परत द्यायचे, तर कुठलाही धंदा न करता वीस महिने देता येतात. शेकडा चार असेल तर पंचवीस महिने. वेळेवर येणारा हप्ता म्हणजे नफा झाल्याचा पुरावा नव्हे, ते आपलंच मुद्दल असतं. त्या काळात पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ७.४ टक्के मिळत होते. सात लाखांवर तिमाहीला १२,९५० रुपये, सरकारी हमीसकट. मला ती रक्कम थोडी वाटली.

मे महिन्यात तासगावची बहीण बेदाण्याचे पैसे घेऊन आली. "दादा, तू म्हणतोस तर टाकते." तिचे दोन लाख गेले आणि माझ्या खात्यावर चार हजार कमिशन आलं. मी तिला ते सांगितलं नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज याची वाटते.

सप्टेंबरमध्ये हप्ता आला नाही. ऑफिसातून उत्तर आलं, "खातं गोठवलंय, दिवाळीनंतर व्याजासकट." नोव्हेंबरमध्ये चेकची तारीख आली, तेव्हा शिकवणीवाला घरी येऊन बसला. "काका, चेक टाकू नका, नाहीतर सगळ्यांचंच अडकेल." मी थांबलो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, मग चेक देणाऱ्याला पैसे भरायला १५ दिवसांची मुदत, आणि तीही टळली तर महिन्याभरात कोर्टात तक्रार. ते गोड बोलणं ही मुदत घालवण्यासाठी होतं. फेब्रुवारीत चेक रद्दी झाला आणि ऑफिसला कुलूप लागलं.

साडेआठ लाख दिले, २,९२,५०० परत आले. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या १९९९ च्या एमपीआयडी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात मालमत्ता जप्त होऊन कोर्टामार्फत वाटप होतं, पण वर्षं जातात. जबाबात त्या चार हजारांबद्दल मला विचारलं गेलं. मी खरं सांगितलं, आणि तिथून थेट तासगावला जाऊन बहिणीलाही सांगितलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन पाणी घेऊन आली. मध्ये एकाचा फोन आला, "दहा हजार फी भरा, तुमचे पैसे सोडवून देतो." नुकसान झालेल्यांच्या याद्याही विकल्या जातात की काय, असं वाटलं. एक पैसा दिला नाही.

कंडक्टरना हे सगळं स्टँडवरच सांगितलं. त्यांना पटलं नाही. "आमचा माणूस तसा नाही," म्हणाले. मी म्हटलं, हप्ता राहू दे, अर्धं मुद्दल मागून बघा, मुलीचं लग्न आहे म्हणून सांगा. काल रात्री त्यांचा फोन आला. मुद्दल मागितल्यावर तो म्हणाला म्हणे, "आता काढू नका, पुढच्या महिन्यापासून शेकडा पाच करतो." उद्या सकाळी दहाला करार आणि चेक घेऊन आम्ही दोघं वकिलाकडं निघालोय.