मेनूकार्ड नसलेली खानावळ

सोलापुरातल्या नवी पेठेमागच्या गल्लीतली ही खानावळ. मेनूकार्ड नाही, मावशी वाढतील ते जेवायचं. आम्ही चौघं हॉटेलात गेलो की ऑर्डरवरूनच वाद रंगतो. इथं बसल्याबसल्या ताट समोर. शेंगदाण्याच्या कुटाची, लाल तवंगाची शेंगाभाजी, खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी आणि बोटानं टिचकी मारली तर वाजेल अशी ज्वारीची कडक भाकरी. (जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय उगाच?) ती कुस्करायची की मोडून खायची, एवढंच आपल्या हातात. चपाती मागितली तर मावशी म्हणाल्या, "सोमवारी या." मुलगा पनीरसाठी रुसला. मला मात्र डोक्याला ताप नसलेलं हे जेवण फार आवडतं. ताक जरा पातळ असतं. रविवारी बंद.