इन्व्हर्टर-बॅटरी एक पावसाळा वापरल्यावर: घेण्याआधी मागच्या बाजूचं बटण बघा

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात घेतलेला सेट. ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) ट्युब्युलर बॅटरी, ट्रॉली आणि फिटिंग धरून चोवीस हजारांच्या आसपास गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते वाडीतल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनलाही तसंच आहे. बेसिक माहिती सगळ्यांना असते ती सोडून देतो, सरळ अनुभवावर येतो.

आमचं घर कुडाळजवळ, वाडीच्या अगदी शेवटी. म्हणजे डीपीपासून (वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, आणि मधली लाईन सगळी आंबा-फणसातून आणि माडांतून आलेली. आईला इन्सुलिन चालू आहे, मुलीचे ऑनलाईन क्लास आहेत, विहिरीवर पंप आहे. तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१ ला, कित्येक दिवस लाईट नव्हती तेव्हा विहिरीचं पाणी कळशीने आणि वाटप पाट्यावर, असं सगळं केलेलं आहे, पण तेव्हा आईच्या हातापायात ताकद होती. आता रात्री पंखा नसेल तर तिला झोपच लागत नाही आणि सकाळी शुगर वर गेलेली असते. म्हणून एवढे पैसे घातले, नाहीतर घातले नसते.

पहिला महिना तर मी जाईन तिथे या इन्व्हर्टरचं कौतुक करत होतो. २०२५ ला मान्सून २५ मेलाच देवगडला पोचला, त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही धो धो पाऊस, झाडं पडली, लाईट जायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी यायची. वायरमन लोक त्या पावसात खांबावर चढून काम करत होते, त्यांच्याबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. आमच्याकडे दोन पंखे, चार बल्ब आणि राउटर रात्रभर चालले. बायको म्हणाली पैसे वसूल झाले.

नंतर जून-जुलैत आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती सगळ्यांना आवडली. संध्याकाळी वाडीत व्होल्टेज पडतं, शेजारी पंखे घरघरत हळू फिरतात, आमचा पंखा मात्र फुल स्पीडला. मला वाटलं मशीन चांगलं आहे, व्होल्टेज उचलून देतंय. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं येणार आहे.

गणपतीत घात झाला. चतुर्थी २७ ऑगस्टला होती, मुंबईवाले सगळे आलेले, वाडीतली बंद घरं उघडलेली, प्रत्येक घरात माळा, फोकस, मिक्सर, पंप. रात्री भजन चालू असताना लाईट गेली आणि आमचा इन्व्हर्टर पाऊण तासात बीप करायला लागला आणि बसला. मे महिन्यात रात्रभर चाललेली तीच बॅटरी. डोंबिवलीचा भाऊ म्हणाला १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा एवढा गोंधळ झाला नव्हता. आईला पंख्याने वारा घालत बसलो आणि पाहुण्यांना मेणबत्त्या दिल्या.

मग सुरू झालं सर्व्हिसचं. टोल फ्रीला फोन केला की कंप्लेंट नंबरचा मेसेज येतो आणि तिथेच सगळं थांबतं. माणूस कोल्हापूरहून येणार म्हणे, घाट चढून-उतरून, तर तो रूट लागेल तेव्हा येणार. डीलरकडे गेलो तर "लोड जास्त टाकता तुम्ही". अहो, लोड काय टाकतो ते मी वहीत लिहून नेलं होतं. जुने पंखे ७५ वॅटचे दोन म्हणजे १५०, बल्ब ९ चे चार म्हणजे ३६, राउटर १०, टीव्ही ६०, सगळं मिळून २५६ वॅट. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅटतास, मशीनचा लॉस आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते हे धरून हातात साडेबाराशे पकडा, म्हणजे टीव्हीसकट पाच तास निघायलाच पाहिजेत. पाऊण तास कसा? यावर त्याच्याकडे उत्तर नाही. "बॅटरी आणून टाका, टेस्टिंगला लावतो."

साठ किलोच्या आसपासचं धूड, आत ॲसिड, वाकडं करायचं नाही. दोन माणसं आणि रिक्षा, तीनशे रुपये जायचे, तीनशे यायचे, वर टेस्टिंग चार्ज वेगळा. वॉरंटीत असलेल्या वस्तूला चार्ज कसला हे विचारलं तर "कंपनीची पॉलिसी". हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडच्या घनतेवरून चार्ज किती ते दाखवणारी नळी, लावला तेव्हा मी शेजारी उभा होतो. सहाच्या सहा सेल ११७० च्या आसपास. फुल चार्ज बॅटरीला १२४०-१२५० दिसायला पाहिजे. एखादाच सेल खाली असता तर बॅटरी खराब म्हणून बदलून मिळाली असती, पण सगळे सारखेच खाली म्हणजे बॅटरी फक्त उपाशी आहे. त्यांनी दिवसभर चार्जिंगला लावली, १२४० करून दिली, "ओके आहे, न्या". घरी आणली आणि आठवड्याभरात परत तेच. परत फोन, परत रिक्षा. मी इथेच एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, बायकोने थांबवलं.

उलगडा केला तो शेजारच्या काकांनी, वायरमन म्हणून रिटायर झालेले. सातच्या सुमारास मीटर घेऊन आले, प्लगमध्ये पिना घातल्या, १६८ व्होल्ट. मशीनवर बॅटरीचा दिवा लागलेला. मी म्हटलं काका लाईट गेली वाटतं. तर म्हणाले, "अरे लायट खंय गेलीहा, व्होल्टेज पडलोहा." आणि मशीन भिंतीपासून ओढून मागे टॉर्च मारली. मागे करंगळीच्या नखाएवढं सरकवायचं बटण. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको. अक्षरं काळ्यावर काळी, कोरलेली, टॉर्चशिवाय दिसत नाहीत. आमचं फिटिंगवाल्याने यूपीएसवर ठेवलेलं.

आता हे नीट समजून घ्या. यूपीएस मोडला मशीन बाहेरची लाईट फक्त १८० ते २६० व्होल्टमध्ये असली तरच घेतं, त्याखाली गेली की ते समजतं लाईट गेली आणि बॅटरीवर उडी मारतं. इको मोडला १०० ते २९० पर्यंत चालवून घेतं. हे आमच्या मशीनच्या पुस्तकातले आकडे, शेवटच्या पानावर बारीक टायपात. म्हणजे आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा लाईट असताना मशीन बॅटरी खात होतं. पंखा फुल स्पीडला फिरायचा तो त्याच्यामुळे! रात्री उशिरा व्होल्टेज वर आलं की थोडं चार्जिंग, तोवर दुसरी संध्याकाळ. गणपतीत तर डीपीवर एवढा लोड की दुपारपासूनच व्होल्टेज १८० च्या खाली, मग खरी लाईट गेली तेव्हा बॅटरीत होतं काय? लेड ॲसिड बॅटरी अशी अर्धवट उपाशी ठेवली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि आयुष्य कमी होतं, ते वेगळंच.

काकांनी बटण इकोवर सरकवलं, बॅटरीचा दिवा विझला, चार्जिंगचा लागला.

माझा राग आहे तो या बटणावर. एवढं महत्त्वाचं बटण मागे, भिंतीकडे तोंड करून, का? पुढे डिस्प्लेवर कंपनीचं नाव निळ्या लाईटमध्ये चमकतं, पण येणारं व्होल्टेज किती ते दाखवत नाही. एक आकडा दाखवला असता तर माझ्या रिक्षाच्या फेऱ्या वाचल्या असत्या. फिटिंगला आलेल्या मुलाने एकदा विचारायला नको का, की तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं? शहरात २३० मिळतं त्यांना यूपीएस मोड ठीक, गावात लाईनच्या शेवटी राहणाऱ्या माणसाला तो मोड लावून देणं म्हणजे बॅटरी मारून टाकणं आहे. आणि सर्व्हिसच्या एवढ्या फोनांत एकानेही "बटण कशावर आहे" हे विचारलं नाही. वाडीत आणखी दोन घरी जाऊन बघितलं, दोन्ही यूपीएसवर, दोघांची तक्रार तीच, बॅटरी टिकत नाही.

इकोचा तोटा पण सांगतो. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला किंचित जास्त वेळ लागतो, बल्ब लुकलुकतो, आणि राउटर रीस्टार्ट होतो. मुलीचा क्लास मध्येच तुटायचा. त्याला १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस, म्हणजे राउटरपुरती वेगळी बॅटरी, चौदाशेला घेतला, आता प्रश्न नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला फरक पडत नाही. डेस्कटॉप असेल तर मात्र विचार करा. आणि इकोवर पडलेलं व्होल्टेज तसंच पुढे जातं, जुने पंखे हळू फिरतात.

म्हणून दिवाळीला दोन्ही पंखे बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले, ३० वॅटचे, कमी व्होल्टेजलाही नीट फिरतात. महाग वाटले, पण आता हिशोब बघा. लाईट गेल्यावर टीव्ही लावायचा नाही, दोन पंखे ६०, बल्ब ३६, राउटर १०, झाले १०६ वॅट. त्याच बॅटरीवर अकरा-बारा तास. डीलर मला दुसरी बॅटरी आणि मोठं मशीन विकायला बघत होता, पंधरा-अठरा हजारांचा खर्च. कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, आधी पंखे बदला. तसं बॅटरीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चा १८ टक्के झाला, मी मे महिन्यात २८ ने घेतलेली, ते आठवलं की अजून जीव जळतो.

काय होत नाही ते पण लिहितो. पंप यावर चालत नाही, लाईट असताना टाकी भरून ठेवायची. मिक्सर नाही. फ्रिज आम्ही जोडलेला नाही, दार उघडलं नाही तर चार तास तरी थंडावा राहतो, त्याहून जास्त वेळ लाईट गेली तर आईच्या न उघडलेल्या इन्सुलिनचा डबा माठाच्या गार पाण्यात, झाकण घट्ट लावून. चालू असलेलं पेन बाहेर चालतं, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि नेट. घरात राउटर चालू असला तरी पुढे केबलवाल्याचा डबा ज्या खांबावर आहे तिथली बॅटरी संपली की नेट गेलं, काही तासांनी मोबाईल टॉवर पण जातो, मग दुकानात यूपीआयचा स्कॅनर चालत नाही. थोडे रोख पैसे घरात पाहिजेतच.

सोलरचं विचारणारे बरेच भेटतात. कोल्हापूरच्या मेव्हण्याने केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटचं बसवलं, ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल जवळजवळ शून्य. पण लाईट गेली की त्याचंही घर बंद. ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेल्यावर मुद्दाम बंद पडतं, नाहीतर छपरावरची वीज लाईनवर जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागेल. बॅटरीवालं हायब्रीड घेतलं तरच लाईट गेल्यावर उपयोग, त्याची किंमत वेगळी.

व्होल्टेजचं म्हणाल तर काकांनीच सुचवलं, आमच्या डीपीवर एकाच फेजवर (तीनपैकी एकाच तारेवर) जास्त घरं होती, सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला, काही घरं दुसऱ्या फेजवर टाकून दिली. आता संध्याकाळी १९५ च्या आसपास मिळतं. तरी बटण मी इकोवरच ठेवलंय, पुढच्या गणपतीत परत लोड येणार.

देखभाल काही फार नाही. दोनेक महिन्यांनी फ्लोट (बॅटरीवरचे पाण्याची पातळी दाखवणारे) बघायचे, खाली गेले असतील तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही, ॲसिड तर अजिबात नाही. टर्मिनलला पेट्रोलियम जेली. चार्जिंगला हायड्रोजन निघतो म्हणून बंद कपाटात ठेवू नका, हवा खेळती पाहिजे. आमची माळ्याच्या जिन्याखाली आहे, आता मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलंय.

मशीनला चार स्टार, बॅटरीलाही चार, कारण एवढे हाल सोसून परवा हायड्रोमीटर लावला तर १२३५ दाखवला. सर्व्हिसला शून्य देता येत नाही म्हणून एक. टेस्टिंग चार्ज परत मागितलाय, लेखी, बिलाची आणि बटणाच्या फोटोची कॉपी लावून. उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी आज संध्याकाळी टॉर्च घेऊन मागे बघा आणि तुमचं बटण कशावर आहे, व्होल्टेज किती मिळतं ते खाली लिहा, गावाच्या नावासकट.