महासंगणकावरचं खातं की गॅलक्सी? एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी निवडताना

जून आला की ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांतले दोन-तीन प्राध्यापक मित्र हमखास फोन करतात. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए वाचून मिळालेला, डेटा हातात असतो, लॅबमधल्या पीसीने माघार घेतलेली असते, आणि सरकारी महासंगणकाच्या खात्यासाठी अर्ज करावा की ब्राउझरमधून मोफत वापरता येणाऱ्या गॅलक्सी या सेवेवर भागेल, हे ठरत नसतं. मी दोन्हींवर काम केलं आहे. अनुभव एका लहान लॅबचा आहे, तेवढ्याच वजनाने तो घ्यावा.

आमचं काम ठाणे खाडीच्या गाळावर चालतं. ऐरोलीच्या बाजूला खारफुटीच्या मुळांखालचा गाळ घ्यायचा, त्यातून डीएनए काढायचा आणि कोणते जिवाणू आहेत ते पाहायचं. बहुतेक नमुन्यांचं फक्त 16 एस हे जिवाणूंची ओळख पटवणारं जनुक वाचून घेतो, मोजक्या नमुन्यांचं शॉटगन, म्हणजे त्यातला सगळाच डीएनए. 16 एस कसंबसं पीसीवर निभतं. शॉटगनसाठी क्रॅकन 2 हे जिवाणू ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायला गेलं की त्याचा पूर्ण डेटाबेस आमच्या पीसीच्या मेमरीत मावतच नाही. तिथून पुढे दुसऱ्याच्या यंत्राची गरज लागते.

हे दोन्ही पर्याय लोकांच्या पैशावर उभे आहेत. राष्ट्रीय महासंगणन अभियान 2015 मध्ये मंजूर झालं ते 4,500 कोटी रुपयांच्या तरतुदीसह. विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स-माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा हा संयुक्त उपक्रम, आणि अंमलबजावणी परम महासंगणक बनवणारी पुण्याची सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्याकडे. 2019 मध्ये बनारसला परम शिवाय आला, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुणे, दिल्ली, कोलकाता इथे एकाच दिवशी तीन परम रुद्र. त्यातला पुण्याचा जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. 1991 च्या परम 8000 या पहिल्या परमपासूनची ही वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या यंत्रांबद्दल जे वाटतं ते मलाही वाटतं.

गॅलक्सीचं घडणं वेगळं आहे. 2005 च्या सुमारास अमेरिकेत विद्यापीठांतून सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. त्याचे मोठे सार्वजनिक सर्व्हर आज अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात आहेत, आणि प्रत्येकाचा खर्च तिथला तिथला सार्वजनिक निधी उचलतो. आम्ही वापरतो तो युरोपचा, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून चालणारा. तुम्ही सोडलेला जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं काम, मात्र फ्रायबुर्गमध्येच चालेल असं नाही. पल्सार नावाच्या व्यवस्थेतून तो युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या केंद्रावरही जातो. संदर्भ जीनोम सगळ्या सर्व्हरना ज्या फाइल-प्रणालीतून मिळतात, ती सर्न या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेने मुळात कण-भौतिकीच्या प्रयोगांसाठी बनवली होती. हिग्ज बोसॉन शोधणाऱ्यांची सोय खाडीच्या गाळाच्या कामी यावी, याचं मला फार अप्रूप आहे. खातं जगात कुणालाही उघडता येतं. ईमेल पुरतो, आणि 250 जीबी जागा मिळते.

वेगाची तुलना मी करत बसत नाही. रेण्वीय गतिकी, हवामानाची प्रारूपं, शेकडो कोअरनी (प्रोसेसरच्या गाभ्यांनी) एकमेकांशी सतत बोलत राहावं असं काम असेल, तर इथेच वाचन थांबवा आणि महासंगणकासाठी अर्ज करा. ते गॅलक्सीचं काम नव्हे. रांग दोन्हीकडे असते. क्लस्टरवर, म्हणजे जोडून ठेवलेल्या यंत्रांच्या समूहावर, आमचे जॉब कधी रात्रीत लागले, कधी चार दिवस अडकले. गॅलक्सीवरही मोठ्या मेमरीचा जॉब दिवसभर राखाडी रंगात, म्हणजे रांगेतच, पडून राहिलेला मी पाहिला आहे. माझा निर्णय रांगेमुळे झाला नाही.

तो झाला वारशामुळे. म्हणजे एका विद्यार्थ्याचं काम पुढच्याच्या हाती कसं जातं, यामुळे.

आमचं पहिलं खातं एका संस्थेच्या सामायिक क्लस्टरवर होतं. माझी एक विद्यार्थिनी नोव्हेंबर ते मार्च त्यावर राबली. लिनक्स तिने तिथेच शिकलं, जॉब रांगेत लावणाऱ्या स्लर्मच्या स्क्रिप्ट स्वतः लिहिल्या, निकालही चांगले आले. मे महिन्यात ती पास होऊन गेली. खातं तिच्या नावाचं, ते बंद झालं. होम डिरेक्टरीतल्या स्क्रिप्ट खात्याबरोबर गेल्या. स्क्रॅच या तात्पुरत्या जागेतल्या फाइली तर ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्याच जातात, तसं आधी कळवलेलंही होतं. जूनमध्ये नवा विद्यार्थी आला. त्याचा अर्ज, प्राचार्यांची सही, ओळखपत्र, मग मंजुरी, यात दीड महिना गेला. खातं मिळालं तेव्हा त्याच्यासमोर निकालांचा तक्ता होता, पण तो तक्ता झाला कसा, हे सांगणारं काही नव्हतं.

नेमकं तेव्हाच परीक्षकांचं पत्र आलं. रीड (डीएनएचे वाचलेले तुकडे) कुठल्या लांबीवर कापले आणि 16 एस जुळवून पाहायच्या सिल्व्हा डेटाबेसची कोणती आवृत्ती वापरली, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी तिला फोन केला. ती तोवर रबाळ्याच्या एका कंपनीत शिफ्टला लागली होती. रात्री दमून घरी आल्यावर तिने जुन्या मेलमधून एक स्क्रिप्ट शोधून पाठवली, "सर, हीच शेवटची असावी." ती शेवटची नव्हती. आम्ही पुन्हा चालवलं तर प्रजातींची संख्या जुळेना. सगळे नमुने पहिल्यापासून करावे लागले आणि एक सत्र त्यात गेलं.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एकाचं खातं दुसऱ्याने वापरू नये हे योग्यच आहे, आणि सामायिक स्क्रॅच वेळोवेळी रिकामी केली नाही तर कुणालाच जागा उरणार नाही. सामायिक प्रोजेक्ट फोल्डर मागता आलं असतं, स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवता आल्या असत्या. जाणकार हेच सांगतील आणि त्यांचं बरोबर आहे. पण पाच महिन्यांसाठी येणारी मुलं, त्यातले दोन महिने टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याची, भीती जाण्यात जातात. अशा लॅबमध्ये नोंद ठेवण्याची शिस्त माणसावर सोडली की ती कधीतरी सुटतेच. आमची सुटली.

गॅलक्सीवर ही नोंद वेगळी ठेवावीच लागत नाही. प्रत्येक पायरी हिस्ट्रीत, म्हणजे कामाच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, बसते. कुठलाही निकाल उघडा, त्यामागचं टूल, त्याची आवृत्ती आणि दिलेलं प्रत्येक मूल्य तिथेच दिसतं. टूलच्या जुन्या आवृत्त्याही सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. पूर्ण हिस्ट्रीतून वर्कफ्लो, म्हणजे पुन्हा चालवता येणारा पायऱ्यांचा क्रम, काढता येतो. मुलं मला हिस्ट्रीची लिंक पाठवतात. ठाण्याहून नेरुळला जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायला मिळालं, तर घणसोली येईपर्यंत कोणती पायरी लाल झाली, म्हणजे फसली, आणि का, एवढं मी फोनवर पाहून घेतो.

उणिवा आहेत. कॉलेजच्या नेटवरून शॉटगनच्या फाइली चढवणं हे जिकिरीचं काम, आम्ही ते रात्री लावून जातो. जो डेटा आधीच सार्वजनिक संग्रहात आहे, तो क्रमांक देऊन गॅलक्सीवर थेट ओढून घेता येतो, तेवढी सुटका. 250 जीबी शॉटगनला लवकर अपुरे पडतात, मधल्या फाइली पुसत राहावं लागतं. हवं ते टूल यादीत नसेल, तर क्लस्टरवर जसं आपल्या फोल्डरमध्ये पटकन बसवता येतं तसं इथे येत नाही. आणि तुमचा डेटा रुग्णांचा असेल, तर तो परदेशी सर्व्हरवर चढवूच नये. खारघर-परळकडच्या ज्या मित्रांचं काम कर्करोगाच्या नमुन्यांवर आहे, त्यांना मी देशातल्या यंत्रांकडेच जायला सांगतो. गाळातल्या जिवाणूंची गोष्ट निराळी.

एक मनापासून वाटतं. फरिदाबादला 2022 मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं, तिथे ब्रह्म नावाची संगणन सुविधाही आहे. साठवण आहे, यंत्रं आहेत, देशभर परम आहेत. त्यांच्यावर अशी ब्राउझरमधून उघडणारी, नोंद आपोआप ठेवणारी खिडकी सगळ्या कॉलेजांना मिळाली, तर मी दुसऱ्या दिवशी फ्रायबुर्ग सोडेन.

तोवर, तुमचं काम सिक्वेन्सिंगचं असेल, मुलं दरवर्षी बदलत असतील आणि डेटा बाहेर पाठवायला हरकत नसेल, तर मी गॅलक्सीकडे झुकेन. महासंगणकाचा अर्जही जूनमध्येच करून ठेवा, मंजुरीला वेळ लागतो आणि मोठी जीनोम जुळणी, म्हणजे तुकडे जोडून पूर्ण जीनोम उभा करण्याचं काम, आलीच तर खातं हाताशी हवं. वर्गात शिकवणार असाल तर युरोपच्या सर्व्हरवर प्रशिक्षणासाठी राखीव रांग मोफत मागता येते. तारीख आधी कळवायची, म्हणजे तीस मुलांचे जॉब खोळंबत नाहीत.

यंदा कळव्याचा एक मुलगा आला आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने मागच्या वर्षीची हिस्ट्री आपल्या खात्यात घेतली, रीडची लांबी 240 वरून 220 केली आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा चालवलं. निकाल आल्यावर मला विचारायला आला, "सर, गेल्या वर्षी 240 का घेतलं होतं?" आम्ही दोघांनी गुणवत्तेचा जुना आलेख उघडून पाहिला.