नानांचा खो-खो वर्ग : आठ महिन्यांचा अनुभव

जळगावजवळच्या आमच्या गावात सकाळी साडेपाचला भरणाऱ्या खो-खो वर्गात माझी मुलगी गेले आठ महिने जाते. प्रशिक्षकांना सगळी पोरे ‘नाना’ म्हणतात. मुली पोहोचण्याआधीच नानांनी मैदान झाडून खांबांभोवतीचे खडे वेचलेले असतात.

याआधीच्या एका वर्गात संघ जिंकला की फलकावर प्रशिक्षकांचाच फोटो मोठा असे आणि हरला की बोलणी मुलींना बसत; म्हणूनच इथला एक प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला. खांबाची पकड नीट बसण्यापूर्वीच नानांनी मुलीला पूर्ण वेगाने खांबावर सूर मारायला लावले, हात निसटला आणि तिचे कोपर सोलवटले. मी धावत गेले, तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, ‘चूक मनी शे, पोरनी नही,’ म्हणजे चूक माझी आहे, पोरीची नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला शिकवायला बोलावले, आणि ती पकड समजावत असताना स्वतः मुलींच्या रांगेत उभे राहून, आपला नंबर आल्यावर सूर मारून दाखवला. तेव्हापासून मुलगी घरीही आपली चूक लपवत नाही.

2018 मध्ये भारताने एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक जिंकल्यावर संघाचे प्रशिक्षक राहुल द्रविड यांना 50 लाख आणि सहाय्यकांना 20 लाख रुपये जाहीर झाले, तेव्हा त्यांनी सर्वांना सारखी रक्कम मागितली आणि शेवटी प्रत्येकाला 25 लाख मिळाले. ती बातमी मी तेव्हा नुसती वाचली होती. तिचे मोल मला या मैदानावर कळले.

मध्यपाटीवर आठ जणी बसतात आणि पाठलाग करणाऱ्या नववीला मागे वळता येत नाही, त्यामुळे स्वतः गडी टिपण्याचा हट्ट सोडून वेळेवर खो देण्याचाच सराव नाना सर्वाधिक घेतात.

उणीव एकच, पण मोठी आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि वर्ग आठवडेच्या आठवडे बंद राहतो. मी तक्रार केली, तेव्हा नाना म्हणाले, ‘ताई, मला आजवर जागा मिळवता आली नाही, तुमच्या पाहण्यात असेल तर सांगा.’ सध्या आम्ही चार पालक एखादे रिकामे गोदाम शोधत आहोत, आणि धाकटीचे नावही मी या वर्गात घातले आहे.